नवा गडी, कापसाची वेचणी आणि सरावाचे आठ आठवडे

पदवी महाविद्यालयांतील प्रवेश सुरू झाले की तालुक्याच्या गावी आणखी एका चर्चेला तोंड फुटते. यंदा कबड्डीच्या संघात नवे कोण? बारावी होऊन आलेला अमुक गावचा पोरगा म्हणे डाव्या कोपऱ्यात भिंतीसारखा उभा राहतो. दुसऱ्या एकाच्या चढाईत वारे आहे, पण दम नाही. तिसरा गतवर्षी शालेय स्पर्धेत चमकला, तो इथेच प्रवेश घेणार की घाट चढून जिल्ह्याच्या ठिकाणी जाणार? बसस्थानकासमोरच्या चहाच्या टपरीवर, दूध संकलन केंद्राच्या ओट्यावर आणि मैदानाच्या कडेला मोटारसायकली लावून बसलेल्या माजी खेळाडूंत ही चिकित्सा पावसाळाभर चालते. स्पर्धा अजून दोन-तीन महिने दूर असतात. तरीही बारा जणांची यादी तयार असते, कप्तान ठरलेला असतो आणि क्रीडा संचालकांचे कोठे चुकते याचा निकालही लागलेला असतो.

या चर्चेला रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणून हिणवणे सोपे आहे, पण ते न्याय्य ठरणार नाही. गावाला आपल्या संघाविषयी काही वाटते, याचाच तो पुरावा आहे. अडचण एवढीच, की ती बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरत राहते. नवा गडी कोण, हे सारे विचारतात. तो ऑक्टोबरपर्यंत मैदानावर टिकणार का, हे फारसे कोणी विचारत नाही. सोयगावसारख्या तालुक्यात हंगामाचे भवितव्य या दुसऱ्याच प्रश्नावर ठरते.

डोंगराच्या पायथ्याचा तालुका

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील बहुतेक तालुके गोदावरीच्या खोऱ्यात येतात. सोयगाव मात्र अजिंठ्याच्या डोंगररांगेपलीकडे, खाली, तापीच्या खोऱ्यात वसलेला आहे. इथल्या बोलीला खानदेशी वळण आहे आणि बाजारहाटही पाचोरा-जळगावकडे झुकलेला आहे. जिल्ह्याचे ठिकाण रस्त्याने शंभर किलोमीटरहून अधिक दूर, तर मुंबई-भुसावळ लोहमार्गावरचे पाचोरा त्या मानाने अगदी जवळ. प्रशासन मराठवाड्याचे आणि व्यवहार खानदेशाशी, अशी ही स्थिती आहे.

खेळाच्या दृष्टीने या भूगोलाला फार महत्त्व आहे. सोयगाव तालुक्यातील महाविद्यालये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतात. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाकडे, नांदेडचे विद्यापीठ १९९४ मध्ये वेगळे झाल्यानंतर, छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे चार जिल्हे उरले. उलट पाचोरा आणि जळगाव येथील महाविद्यालये कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला जोडलेली आहेत. बनोटी किंवा फर्दापूरकडच्या एखाद्या बारावी झालेल्या खेळाडूपुढे त्यामुळे तीन वाटा असतात. तालुक्यातच राहावे, डोंगर उतरण खाली पाचोरा-जळगावला जावे किंवा घाट चढून मोठ्या शहरातील नामांकित महाविद्यालयाच्या वसतिगृहात दाखल व्हावे. त्याने कोणतीही वाट धरली, तरी खेळाडू तोच राहतो. तो कोणत्या विद्यापीठाची जर्सी घालणार, हे मात्र बदलते. टपरीवरच्या चर्चेत म्हणूनच जून-जुलैमध्ये 'कोण आला' याइतकेच 'कोण गेला' यालाही वजन असते.

पहिली पायरी

महाविद्यालयीन कबड्डीचा जिना सर्वांना माहीत आहे. आधी महाविद्यालयाचा संघ, मग आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, तेथील कामगिरीवरून विद्यापीठाच्या संघाची निवड, त्यापुढे पश्चिम विभागाची आंतरविद्यापीठ स्पर्धा आणि शेवटी अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. साधारणतः पावसाळा सरता सरता आंतरमहाविद्यालयीन सामने सुरू होतात आणि हिवाळ्यात आंतरविद्यापीठ स्पर्धांचा हंगाम भरात येतो. म्हणजे जुलैच्या अखेरीस नाव नोंदवणाऱ्या नवागताच्या हाती सराव म्हणून सात-आठ आठवडेच येतात.

गेल्या दशकभरात या जिन्याचे मोल वाढले आहे. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि मातीतला हा खेळ दूरचित्रवाणीच्या पडद्यावर, झगमगत्या दिव्यांखाली आला. २०२० मध्ये भुवनेश्वरला खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडा स्पर्धा प्रथमच झाल्या. २०२२ मध्ये बंगळुरूला झालेल्या या स्पर्धेतील दोन्ही अंतिम फेरीतील संघांचे खेळाडू त्याच वर्षीच्या प्रो कबड्डी लिलावाच्या यादीत समाविष्ट करण्यात आले. तालुक्याचे मैदान आणि व्यावसायिक कबड्डी यांच्यामध्ये विद्यापीठाचा संघ हा दुवा आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

दुसरे आकर्षण नोकरीचे. महाराष्ट्र शासनाने २००५ मध्ये शासकीय सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण लागू केले आणि २०१६ मध्ये त्याचे निकष सुधारले. त्याशिवाय पोलीस, सेनादल आणि रेल्वे ही कबड्डीपटूंची पारंपरिक आश्रयस्थाने आहेतच. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात खेळाकडे पाहण्याची दृष्टी या आशेने बदलली. मात्र याच आशेच्या पोटी प्रमाणपत्रांचा बाजारही उभा राहिला. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे राज्यात उघडकीस आली आणि खऱ्या खेळाडूलाही पडताळणीच्या खेट्यांना सामोरे जावे लागले. नवा मुलगा मैदानावर येतो तेव्हा तो खेळासाठी आला की कागदासाठी, ही शंका त्यामुळे हवेत असते. तिचे उत्तर पहिल्या सामन्यात मिळत नाही. ते सरावाच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, अंग ठणकत असताना पहाटे कोण उठून येतो, यावरून मिळते.

माती ते मॅट

मैदानाकडे पाहू. ग्रामीण भागातील मुलगा कबड्डी शिकतो ती मातीवर आणि अनवाणी. विद्यापीठ पातळीवरचा सामना मात्र मॅटवर, पायात बूट घालून खेळावा लागतो. पुरुषांसाठी तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद असे हे क्षेत्र असते. त्यावर सात विरुद्ध सात गडी, तीस सेकंदांची चढाई आणि वीस-वीस मिनिटांचे दोन डाव. नियम तेच असले तरी खेळ बदलतो. मातीत पाय थोडा घसरतो आणि शरीराचा झटका जिरतो. मॅटवर बूट घट्ट रोवला जातो, वरचे धड वळते आणि तो सारा पीळ गुडघ्यावर येतो. कबड्डीत गुडघ्याच्या अस्थिबंधाच्या दुखापती मोठ्या प्रमाणावर होतात आणि असे गुडघे घेऊन घरी बसलेली मुले प्रत्येक तालुक्यात आढळतात. शस्त्रक्रियेचा खर्च न परवडल्याने त्यांपैकी अनेकांचा खेळ विसाव्या वर्षीच संपतो.

यात नवागत सर्वाधिक धोक्यात असतो. जुन्या खेळाडूने उन्हाळ्यात गावोगावच्या स्पर्धा खेळलेल्या असतात. नवा मुलगा बारावीची परीक्षा, त्यानंतरची प्रवेश परीक्षा आणि शेतीची कामे यांतून थेट मैदानावर येतो. पहिल्याच आठवड्यात त्याला आपली योग्यता सिद्ध करायची असते. कडेला बसलेले जाणकार त्याच्याकडे डोळे लावून असतात. मग तो दुप्पट वजनाच्या चढाईपटूच्या घोट्यावर झेप घेतो, टाळ्या मिळवतो आणि खांदा निखळून घरी जातो.

या बाबतीत ज्या देशात महाविद्यालयीन खेळाला सर्वाधिक प्रेक्षक लाभतात, त्या अमेरिकेचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. तेथील विद्यापीठांच्या फुटबॉल संघांचा हंगामपूर्व सराव ऑगस्टच्या उन्हात होतो आणि त्यातील नवागतांची चर्चा लाखो चाहते करतात. २००१ च्या ऑगस्टमध्ये मिनेसोटा व्हायकिंग्ज या व्यावसायिक संघाचा कोरी स्ट्रिंगर हा खेळाडू अशाच सराव शिबिरात उष्माघाताने मृत्युमुखी पडला. २००३ मध्ये महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने सरावाच्या प्रारंभी पाच दिवस शरीराला उन्हाची आणि श्रमाची सवय होऊ देण्याचा नियम केला. त्यानुसार संरक्षक साहित्य टप्प्याटप्प्याने चढवायचे आणि अंगावर अंग घालण्याचा सराव लगेच सुरू करायचा नाही. २०१८ मध्ये आणखी एक नियम आला. खेळाडू एका वर्षात चार सामन्यांपर्यंत खेळला, तरी त्याचे पात्रतेचे ते वर्ष खर्ची पडले असे धरायचे नाही. नव्या खेळाडूला चव घेऊ द्यावी, पण त्याला घाईने जाळू नये, असा त्यामागचा विचार होता.

त्याच अमेरिकेत याची दुसरी बाजूही दिसते. २०१८ मध्येच खेळाडूंना विद्यापीठ बदलणे सोपे करणारी नोंदणी व्यवस्था आली, २०२१ पासून त्यांना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून कमाई करण्याची मुभा मिळाली आणि २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठे खेळाडूंना थेट मोबदला देऊ लागली. घरच्या मैदानावर वाढवलेला खेळाडू आणि दुसरीकडून तयार आणलेला खेळाडू यांतील अंतर तेथे पुसट होत चालले आहे. सोयगावच्या टपरीवर 'आपला' आणि 'आणलेला' यावरून जे वाद होतात, तेच वाद तेथे अब्जावधी डॉलरच्या हिशेबाने होतात, इतकाच काय तो फरक.

वेचणीचे दिवस

अमेरिकेच्या उन्हाची जागा आपल्याकडे पाऊस आणि कापूस घेतात. जुलै-ऑगस्टमध्ये मातीचे मैदान चिखलाने भरते. छताखाली मॅट अंथरता येईल असे सभागृह असणारी ग्रामीण महाविद्यालये थोडीच. चार दिवस पाऊस लागला की चार दिवस सराव बुडतो. पोळा, गणेशोत्सव येतात आणि आणखी काही दिवस जातात.

खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. सोयगाव तालुक्याच्या शिवारात कापूस आणि मका ही खरिपाची मुख्य पिके. दसऱ्याच्या आसपास कापसाची बोंडे फुटू लागतात आणि घरातील प्रत्येक हात शेतात लागतो. वेचणीला मजूर मिळत नाहीत, मिळाले तर मजुरी परवडत नाही. पाऊस पडण्याआधी कापूस घरात आला नाही तर वर्षाची कमाई मातीमोल होते. नेमक्या याच दिवसांत आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आणि सत्र परीक्षा येतात. ऑगस्टमध्ये ज्याच्या चढायांची वाहवा होत होती, तो मुलगा ऑक्टोबरमध्ये दिसेनासा होतो. टपरीवर त्याला आळशी ठरवले जाते. वस्तुतः तो पहाटेपासून शेतात वाकून वेचणी करत असतो आणि संध्याकाळी पाठ धरून घरी येतो.

महाविद्यालयांचे वेळापत्रक, विद्यापीठाचे क्रीडा वेळापत्रक आणि शेतीचे वेळापत्रक ही तिन्ही एकमेकांकडे न पाहता आखली जातात. त्यांचा भार शेवटी अठरा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर येतो. शहरातील महाविद्यालयाचा खेळाडू वसतिगृहात राहतो, त्याला ऑक्टोबरमध्ये वेचणीची चिंता नसते. तालुक्याच्या संघाचा पराभव अनेकदा सामन्याआधीच झालेला असतो, तो असा.

शेवटची बस

मुलींच्या संघाची कहाणी याहून अवघड आहे. ग्रामीण भागातील विद्यार्थिनींना शाळेत आणि कनिष्ठ महाविद्यालयात, म्हणजे बारावीपर्यंत, अहिल्याबाई होळकर योजनेखाली एसटीचा पास मोफत मिळतो. पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला की ही सवलत संपते आणि सवलतीच्या दराने का होईना, पासाचे पैसे मोजावे लागतात. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या तिकिटात निम्मी सवलत मिळते, त्याचाही आधार आहे. मात्र घरातील पैशाच्या ओढाताणीत मुलीचे रोजचे येणे-जाणे हाच पहिल्यांदा कात्री लागणारा खर्च असतो. आणि नेमक्या याच वर्षी ती महाविद्यालयीन संघात नवागत म्हणून दाखल होत असते.

पैशांपेक्षाही वेळेची अडचण मोठी आहे. सराव संध्याकाळी ठेवला तर गावी जाणारी शेवटची बस निघून जाते. सकाळी ठेवला तर पहिली बस उशिरा येते. परिणामी मुलींच्या संघात तालुक्याच्या गावात राहणाऱ्याच उरतात. बनोटी, सावळदबारा किंवा जरंडी परिसरातील मुलगी कितीही चपळ असली तरी निवड चाचणीपलीकडे पोहोचत नाही. टपरीवरच्या चर्चेत तिचे नावही येत नाही, कारण तेथे बसणारे तिचा खेळ पाहायला गेलेलेच नसतात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या पुरुष आणि महिला या दोन्ही संघांनी विजेतेपद पटकावले आणि दोन्ही संघांचे कप्तान, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे होते. देशी खेळांत या राज्याच्या मुली कोठवर जाऊ शकतात याचा आणखी पुरावा नको. प्रश्न आहे तो त्यांना मैदानापर्यंत आणि मैदानावरून घरापर्यंत नेणाऱ्या बसचा.

चाहत्यांची जबाबदारी

यावर उपाय म्हणून काही महाविद्यालये सोपा मार्ग धरतात. बाहेरचे तयार खेळाडू आणायचे, त्यांना प्रवेश द्यायचा आणि चषक मिळवायचा. चषक मिळतो, वृत्तपत्रांत छायाचित्र छापून येते. तीन वर्षांनी ते खेळाडू निघून जातात आणि मैदान पुन्हा ओस पडते. बाहेरच्या खेळाडूंना सरसकट विरोध करण्याचे कारण नाही. चांगल्या खेळाडूशेजारी सराव करताना स्थानिक मुलेही शिकतात. मात्र बाराच्या बारा जागा आयात केलेल्यांनी भरल्या, तर शिकणारा उरतच नाही.

कोल्हापूरचे फुटबॉल या संदर्भात मार्गदर्शक ठरावे. तेथे छत्रपती शाहू स्टेडियमवर हंगाम रंगण्यापूर्वी कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडे खेळाडूंची नोंदणी होते आणि पाटाकडील, खंडोबा, शिवाजी, दिलबहार, प्रॅक्टिस या संघांत कोण नवे आले, यावर पेठापेठांत खल होतो. परगावच्या आणि परदेशी खेळाडूंवरून तेथेही वाद झडले आहेत. तरीही तो खेळ पिढ्यान्‌पिढ्या टिकला, कारण चाहत्यांचे नाते एका खेळाडूशी नसून तालमीशी आणि पेठेशी आहे. कप्तान बदलतो, पेठ बदलत नाही. तेथील चाहत्यांच्या ईर्ष्येने कधी कधी मर्यादाही ओलांडली आहे. ते अनुकरणीय नाही. पण संघ हा गावाचा ठेवा आहे, ही भावना मात्र घेण्यासारखी आहे.

सोयगावसारख्या ठिकाणी हे नाते उभारायला मोठ्या निधीची वाट पाहण्याची गरज नाही. पहिले दोन आठवडे धावणे, पडण्याचे तंत्र आणि पायांची हालचाल यांनाच द्यावेत. पूर्ण जोराच्या पकडी त्यानंतर. निवड चाचणी एकदाच न घेता दोनदा घ्यावी, म्हणजे उशिरा प्रवेश मिळालेल्याला आणि पहिल्या दिवशी बुजलेल्याला संधी राहील. पहिल्या संघाबरोबर दुसरा संघही ठेवावा आणि नवागतांना जवळपासच्या गावांत मित्रत्वाचे सामने खेळवावेत. वेचणीच्या काळात सराव आठवड्यातून तीनच दिवस, पण ठरलेल्या वेळी ठेवला तर शेतकरी कुटुंबही त्याप्रमाणे कामाची आखणी करू शकते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत लागू झालेल्या अभ्यासक्रम रचनेत क्रीडेसारख्या सहशालेय उपक्रमांना श्रेयांक आहेत. त्यांचा उपयोग हजेरीपट भरण्यासाठी न करता खेळाडूचे बुडालेले तास भरून काढण्यासाठी व्हायला हवा. एसटीच्या आगाराशी बोलून सरावाच्या दिवसांपुरती एका फेरीची वेळ अर्ध्या तासाने पुढे नेणे, हे प्राचार्यांच्या आणि नगरपंचायतीच्या आवाक्यातले काम आहे.

आणि चाहत्यांचे काय? ज्यांना नव्या गड्याच्या डाव्या कोपऱ्यातील पकडीविषयी तासभर बोलता येते, त्यांच्याकडे वेळ आहे, अनुभव आहे आणि मोटारसायकलही आहे. माजी खेळाडूने आठवड्यातून दोन दिवस साखळी पकड शिकवली तर संघाला बिनपगारी प्रशिक्षक मिळतो. चार जणांनी मिळून खेळाडूंच्या दुधाची आणि केळ्यांची सोय केली तर उपाशीपोटी होणारा सराव थांबतो. दुखापत झालेल्या मुलाला वेळेत रुग्णालयात नेले तर त्याचा गुडघा वाचतो. ज्याच्या घरी वेचणी अडली आहे, त्याच्या शेतात संघाने एक सकाळ काढली तर दुपारी तो मैदानावर असतो. खेड्यात सावड ही पद्धत जुनीच आहे. ती शेताच्या बांधावरून मैदानाच्या रेषेपर्यंत आणणे, एवढेच काम उरते.

यंदाच्या बारा जणांत कोण असेल, हे निवड चाचणी ठरवील. पण चाचणीला आलेल्या तीस-चाळीस मुलामुलींपैकी दिवाळीपर्यंत किती जण मैदानावर उरले, हा आकडा तालुक्यातील खेळाची प्रकृती अधिक खरेपणाने सांगतो. तो कोठल्याही निकालपत्रकात छापून येत नाही. टपरीवरच्या जाणकारांनी यंदापासून तो मोजायला घेतला, तर पुढच्या पावसाळ्यातील चर्चेला वेगळा अर्थ येईल.